वादळी दिवसांसाठी घरातील संकटपेटी
सुपा व पारनेर परिसरातील कुटुंबांसाठी माहिती

चक्रीवादळ म्हटले की समुद्र, नांगरलेल्या होड्या आणि वाकलेली माडांची झाडे डोळ्यांसमोर उभी राहतात. सुपा गाव समुद्रापासून सरळ रेषेतही दीडशे किलोमीटरहून अधिक दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस, पारनेर तालुक्याच्या उघड्या पठारावर वसलेले आहे. त्यामुळे वादळाची तयारी हा कोकणातील बांधवांचा विषय आहे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. तो पुरता खरा नाही. समुद्राची लाट घाट चढून येत नाही, पण वारा, पाऊस, वीज आणि त्यांच्यामागून येणारा अंधार येतो. आपल्याकडे अंधार झाला की पाणीही थांबते, कारण विहीर असो, कूपनलिका असो वा गावची पाणीयोजना, पाणी वर चढवणारा पंप विजेवरच चालतो. म्हणून येथील कुटुंबाची खरी कसोटी वाऱ्याच्या त्या एक-दोन तासांत जेवढी लागते, त्याहून अधिक त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत लागते. त्या तीन दिवसांची शिदोरी आधीच बांधून ठेवणे, एवढाच संकटपेटीचा अर्थ आहे.

वादळांचे दोन हंगाम

अरबी समुद्रात चक्रीवादळे प्रामुख्याने दोन काळांत निर्माण होतात : पावसाळ्यापूर्वी एप्रिल ते जून आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. अटलांटिक महासागरात ज्याला हरिकेन व पश्चिम पॅसिफिक महासागरात टायफून म्हणतात, तेच आपल्याकडचे चक्रीवादळ. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटर झाला की त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतात व तिला नाव दिले जाते. वेग 89 किलोमीटरवर गेला की ते तीव्र चक्रीवादळ ठरते.

3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड किनाऱ्यावर धडकले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. जमिनीवर आल्यावर ते ईशान्येकडे सरकले, दुर्बळ होत गेले आणि दुसऱ्या दिवशी विरले. परंतु वाटेत पुणे, नगर व नाशिक जिल्ह्यांच्या पट्ट्यात सोसाट्याचा वारा आणि मोठा पाऊस झाला. पारनेरजवळच्या जुन्नर व आंबेगाव भागातील शेतकऱ्यांची पिके व हरितगृहे जमीनदोस्त झाली. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावांत त्यानंतर कित्येक आठवडे वीज नव्हती. त्याआधी 11 नोव्हेंबर 2009 रोजी ‘फयान’ वादळ अलिबाग व मुंबईच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आले होते.

समुद्रातील वादळापेक्षा आपल्याला अधिक वेळा गाठतात ती स्थानिक वादळे. रोहिणी नक्षत्राच्या सुमारास येणारा वळीव, त्याच्यापुढे धावणारी धुळीची वावटळ, विजांचा कडकडाट आणि गारा हे सर्वांच्या परिचयाचे आहे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याच्या मोठ्या भागाला गारपिटीने झोडपले. एप्रिल 2023 मध्ये पारनेर तालुक्यातील वनकुटे परिसरात गारांनी उभी पिके नेली. डिसेंबर 2021 च्या आरंभी अवकाळी पाऊस व गारठा एकत्र आला आणि पुणे व नगर जिल्ह्यांत उघड्यावरच्या शेकडो मेंढ्या दगावल्या. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्याच्या अनेक तालुक्यांत पाणी घरांत शिरले. सुप्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या येथे वारा भरपूर आहे म्हणूनच. तो वारा कधी प्रमाणाबाहेर जाईल, हे गृहीत धरूनच घर चालवले पाहिजे.

सूचना कशी वाचावी

हवामान विभाग जिल्हावार इशारे रंगांत देतो. हिरवा म्हणजे धोका नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. चक्रीवादळाचे इशारे चार टप्प्यांत येतात. त्यांतला चौथा टप्पा आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. वादळ किनाऱ्यावर धडकण्यापूर्वी किमान 12 तास आधी निघणाऱ्या या सूचनेत, जमिनीवर आल्यानंतर ते कोणत्या दिशेने जाईल व आतील भागांत काय परिणाम होतील, हे सांगितलेले असते. बातम्यांत अलिबाग वा मुंबईचे नाव ऐकून दूरदर्शन संच बंद करू नये. पुढे कोणत्या जिल्ह्यांची नावे येतात, तेही ऐकावे.

विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप मोफत मिळते. आपल्या ठिकाणाजवळ वीज पडण्याची शक्यता असल्यास ते सावध करते. मोबाइल हाताशी नसेल तर मोजणीचा साधा नियम पाळावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर असा हिशेब आहे. ही मोजणी 30 च्या आत असेल तर ताबडतोब पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर पडू नये.

दोन भाग : पेटी आणि पिशवी

तयारीचे दोन भाग करावेत. पहिला भाग घरातच राहून तीन दिवस काढण्यासाठी. तो झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत किंवा प्लास्टिकच्या घट्ट डब्यात ठेवावा. दुसरा भाग घर सोडावे लागले तर उचलून नेण्यासाठी. तो खांद्याला अडकवता येईल अशा एका पिशवीत असावा. दोन्ही जमिनीपासून उंच, दाराजवळ आणि घरातील प्रत्येकाला ठाऊक असलेल्या जागी ठेवावीत. यांतील बहुतेक वस्तू आपल्या घरात आधीच असतात. त्या दहा ठिकाणी विखुरलेल्या असतात, एवढीच अडचण असते. अंधारात, वाऱ्यात आणि रडणाऱ्या मुलासह दहा ठिकाणी शोधाशोध करता येत नाही.

पेटीत काय असावे

1. पाणी. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दर माणशी दररोज सुमारे 4 लिटर पाणी धरावे. पाच जणांच्या कुटुंबास तीन दिवसांसाठी 60 लिटर, म्हणजे 20 लिटरचे तीन झाकणबंद कॅन लागतील. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्यावस्त्यांवर एवढे पाणी बाजूला ठेवणे कठीण आहे, याची जाणीव आहे. तेथे इशारा मिळाल्याबरोबर घरातील प्रत्येक भांडे भरून झाकून ठेवावे. वापराचे पाणी निराळे साठवावे. पुराचे वा गढूळ पाणी विहिरीत मिसळले असल्यास ते आधी फडक्याने गाळावे व मग खळखळून उकळावे. उकळणे शक्य नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर वेष्टनावरील प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे.

2. अन्न. चूल न पेटवता खाता येईल असेच अन्न ठेवावे. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ, चुरमुरे, खजूर, बिस्किटे आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी हे पदार्थ टिकतात व पोट भरतात. इशारा आला त्याच दिवशी दशम्या किंवा धपाटे करून ठेवावेत. लहान मुलाला अंगावर पाजत असल्यास ते चालूच ठेवावे. अशा दिवसांत त्याहून सुरक्षित दुसरे दूध नाही.

3. उजेड. दोन विजेऱ्या व त्यांचे जादा सेल ठेवावेत. सेल विजेरीत घालून ठेवू नयेत, ते झिरपतात आणि ऐन वेळी विजेरी निकामी होते. तेलाविना दिवा घेऊन निघालेल्या कुमारिकांची कथा आपण दरवर्षी ऐकतो, सेलांचीही गोष्ट तीच आहे. सौर कंदील असल्यास उत्तम. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर बंद खोलीत कधीही चालवू नये. त्यांच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच माणसे दगावतात.

4. औषधे. रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स यांवरील नेहमीच्या गोळ्या किमान सात दिवसांच्या असाव्यात. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, ताप व वेदनेवरील गोळ्या, निर्जंतुक पट्टी, कापूस, जंतुनाशक मलम आणि जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा घ्यावा. हे पाणी 24 तासांत संपवावे, उरल्यास फेकून द्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज गेल्यावर त्याची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून, थोडे पाणी असलेल्या मातीच्या मडक्यात, बुडणार नाही अशी ठेवावी. बर्फात ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते.

5. इतर वस्तू. बॅटरीवरचा छोटा रेडिओ, शिट्टी, काडेपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, जाड दोर, ताडपत्री, पक्कड, चाकू, साबण, सॅनिटरी पॅड, तान्ह्या मुलाची दुपटी.

पिशवीत काय असावे

कागदपत्रे सर्वांत आधी. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, सातबारा उतारा वा घराचा कर भरल्याची पावती, शाळेचे दाखले आणि विम्याचे कागद यांच्या प्रती दुहेरी प्लास्टिकमध्ये ठेवाव्यात. त्यांची छायाचित्रे मोबाइलमध्ये घ्यावीत आणि परगावच्या एका विश्वासू नातलगाकडेही पाठवून ठेवावीत. बाप्तिस्मा व विवाहाचा दाखला हरवला तरी घाबरू नये. मूळ नोंद धर्मग्रामाच्या नोंदवहीत असते व तेथून दाखला पुन्हा मिळतो. शासकीय कागद पुन्हा मिळवण्यास मात्र हेलपाटे पडतात.

रोख रक्कम लहान नोटांत ठेवावी. नेटवर्क गेले की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत, आणि अशा वेळी दुकानदाराकडेही सुटे नसतात. भारित पॉवर बँक, प्रत्येकी एक कपड्यांचा जोड, एक चादर, पाण्याची बाटली आणि खाऊ एवढे पुरे. महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. मोबाइल बंद पडला की मुलाचाही क्रमांक आठवत नाही, असा आजचा काळ आहे. वृद्धांच्या पिशवीत चष्मा, काठी व श्रवणयंत्राचे सेल यांची आठवण ठेवावी.

पत्रा, माळवद आणि भिंत

पेटी कितीही चांगली असली तरी डोक्यावरचे छप्पर सांभाळले नाही तर तिचा उपयोग नाही. आपल्या भागात पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवण्याची रीत आहे. जोराच्या वाऱ्यात पत्रा उचलला जातो आणि तेच दगड खाली झोपलेल्या माणसांवर, बहुधा झोळीतल्या बाळावर, पडतात. पत्रे लोखंडी पाइपाला हूक व वॉशर लावून नटबोल्टने आवळावेत. कडेच्या ओळीत हूक अधिक जवळ लावावेत, कारण वारा पत्रा कडेकडूनच उचलतो. हे काम मे उजाडण्यापूर्वी करावे. तोवर निदान झोपण्याची जागा दगडांखालून हलवावी.

जुन्या माळवदाच्या घरांचा धोका निराळा आहे. पांढरी माती पाणी पीत राहते, तिचे वजन वाढते आणि पाऊस थांबल्यानंतरही भिंत वा छत बसू शकते. माती झिरपू लागली, तुळईचा आवाज आला किंवा भिंतीला नवी भेग दिसली, तर त्या रात्री त्या घरात झोपू नये.

औद्योगिक वसाहतीभोवती भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांत मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले अनेक कामगार राहतात. त्यांचे येथे नातेवाईक नसतात आणि वादळात जवळचे पक्के छप्पर कोणते, हे त्यांना माहीत नसते. गळीत हंगामात ऊसतोड कुटुंबे फडाजवळ कोप्यांत राहतात, तो काळ नेमका ऑक्टोबर ते डिसेंबरच्या वादळांचा असतो. आपल्या शेजारी असे कुटुंब असेल तर हंगामाच्या आरंभीच त्याला सांगून ठेवावे : वारा सुटला तर या घरी, या शाळेत वा या मंदिराच्या सभागृहात यायचे. धर्मग्रामातील मंडळांनी एकटे राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया, आजारी व अपंग यांची यादी करून प्रत्येकामागे एक शेजारी नेमावा. संकटाच्या रात्री यादी करण्यास वेळ नसतो.

वादळ चालू असताना

घराचा मेन स्विच बंद करावा, गॅसचा रेग्युलेटर फिरवावा आणि खिडक्यांपासून दूर, घराच्या पक्क्या भागात बसावे. वारा अचानक थांबला म्हणून लगेच बाहेर पडू नये. शेतात असल्यास एकट्या झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ वा तारेच्या कुंपणाशी उभे राहू नये. आसरा नसेल तर पाय जोडून, डोके गुडघ्यांत घेऊन उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे पडू नये. जनावरे झाडाला किंवा तारेच्या कुंपणाला बांधू नयेत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरमध्ये पायी जाणाऱ्या गटांनीही हे नियम लक्षात ठेवावेत, कारण परतीच्या पावसात विजांचे प्रमाण मोठे असते.

2 फेब्रुवारीच्या सणाला आशीर्वादित केलेली मेणबत्ती वादळात पेटवून प्रार्थना करण्याची प्रथा अनेक कॅथलिक घरांत आहे. ती जरूर पाळावी. मात्र मेणबत्ती पाणी घातलेल्या ताटात, पडदे व कपड्यांपासून दूर ठेवावी. घरात गॅसचा वास येत असेल तर काडी ओढूच नये. प्रार्थना संपली की ती विझवावी आणि उजेडासाठी विजेरी वापरावी.

वादळानंतर

तुटून पडलेली विजेची तार जिवंतच आहे असे समजावे. तिच्याजवळ जाऊ नये, ओल्या कुंपणाला व खांबाला हात लावू नये आणि महावितरणला कळवावे. पावसाने बिळांत पाणी शिरले की साप कोरड्या जागी, म्हणजे घरात येतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. जमिनीवर अंथरूण टाकू नये आणि रात्री विजेरीशिवाय पाऊल ठेवू नये. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. अवयव न हलवता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही.

घर, कांदाचाळ, पीक वा जनावरांचे नुकसान झाले असल्यास आवरासावर करण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, तलाठी व ग्रामपंचायतीस लेखी कळवावे आणि पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहावे. दगावलेले जनावर पंचनाम्यापूर्वी पुरू नये. वादळापूर्वी काढलेले घराचे व गोठ्याचे छायाचित्र जवळ असेल तर नुकसान दाखवणे सोपे जाते.

हे क्रमांक पेटीच्या झाकणावर चिकटवावेत

112 – सर्व प्रकारची तातडीची मदत
108 – रुग्णवाहिका
1077 – जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष
1912 – विजेच्या तक्रारी

त्याखाली आपल्या गावचे तलाठी, ग्रामपंचायत, लाइनमन, आशाताई, जवळचे रुग्णालय व धर्मग्रामाचे कार्यालय यांचे क्रमांक हाताने लिहावेत.

वर्षातून दोनदा तपासणी

भरून ठेवलेली आणि विसरलेली पेटी काही उपयोगाची नसते. सेल उतरतात, औषधांची मुदत संपते, शेंगदाणे खवट होतात, मुलांचे कपडे आखूड होतात. म्हणून पेटी वर्षातून दोनदा उघडावी. लक्षात राहावे यासाठी दोन सण धरावेत : पुनरुत्थानाचा सण झाला की वळवापूर्वीची तपासणी आणि सप्टेंबरमध्ये मतमाउलीचा सण झाला की परतीच्या पावसापूर्वीची तपासणी. प्रत्येक वेळी जुने अन्न घरात वापरून टाकावे व नवे भरावे, पाणी बदलावे, विजेरी पेटवून पाहावी. हे काम मुलांकडून करून घ्यावे. मोठी माणसे कामावर असताना वादळ आले तर पेटी कोठे आहे व मेन स्विच कसा बंद करायचा, हे घरी असलेल्या त्या मुलांनाच माहीत असले पाहिजे.